पन्नासावी खुंटी

दहा मीटरवर खुंटी ठोकली,
मग पंचवीसवर.
पन्नासावी माझ्या बायकोच्या वाफ्यात आली.
न्कोयो मॅडमना ठाऊक नव्हतं.
मी बोललो नाही,
टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

कॅलबारबाहेरचा हा डोंगर
माझ्या मुलीहून लहान आहे.
ती रांगायची तेव्हा इथं खड्डा होता,
खड्ड्यात बेडूक.
आता ट्रक रिव्हर्समध्ये वर चढतात,
आणि मागून ओघळतं
काळं, चकचकीत,
अॅतिमच्या वाफ्याकडे उताराला लागलेलं पाणी.
बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे.
याला पंधरा झाली.
फिटले ते भंगार तोलणाऱ्या एफिओमचे.

मी लॅबमध्ये काचा धुतो.
जंतू म्हणजे मारायची गोष्ट,
ऑटोक्लेव्हची शिट्टी झाली
की माझी जेवणाची सुट्टी.
सोळा वर्षं एवढंच समजत होतो.
मॅडम म्हणाल्या, असुक्वो,
चिमटीतल्या मातीत कितीजण राबत असतात, ठाऊक आहे?
पान कुजवणारे निराळे,
हवेतला नायट्रोजन धरून मुळांना देणारे निराळे,
आणि काही इतके सावकाश, इतके नाजूक
की आपल्या काचेत उगवतच नाहीत.
शितावरून भाताची परीक्षा,
तशी ग्रॅमभरावरून शेताची.

त्या आठवड्यात मोजणारा मुलगा तापानं पडला.
जनरेटर घरघरत होता.
मी डिश पालथ्या घालून
काचेवर पेनानं ठिपके देत बसलो.

पाचशे मीटरवरची डिश:
पिवळे, गुलाबीसर, कडा कातरलेले,
एक जांभळा, एकटाच,
आणि पांढरी भुकटी लावल्यासारखे कितीतरी.
झाकण किंचित सरकवलं
आणि खोलीत मातीचा वास.
पाऊस नाही, नांगर नाही,
चार भिंती, ट्यूबलाइट, आणि हा वास.
तो या भुकटीवाल्यांचाच, असं नंतर कळलं.

डोंगराच्या पायथ्याची डिश
मोजता मोजता पेन संपलं.
मी पळत गेलो:
मॅडम, तिथं तर जास्तच आहेत!
त्या म्हणाल्या, किती ते नको,
कोण कोण ते सांगा.
परत येऊन पाहिलं.
तोच. तोच. पुन्हा तोच,
ओलसर, करडा, एकमेकांत मिसळलेला.
मध्ये औषधाच्या टिकल्या ठेवल्या होत्या.
टिकलीभोवती मोकळं कडं पडायला हवं;
हे थेट टिकलीला भिडले होते.
दवाखान्याच्या गोळ्या, बॅटऱ्यांचं शिसं,
सगळं पचवायला शिकलेले.
बाकीचे शिकले नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा.

मग पन्नासाची डिश.
ती मी सगळ्यात शेवटी घेतली.
भुकटीवाले: दोन.
दुसऱ्यांदा मोजले. दोनच.

अॅतिमचा उगू तर बाजारात आधी संपतो.
तळहाताएवढी पानं, हिरवीगार,
बायका म्हणतात, हिच्या हाताला गुण आहे.
रात्री तिनं तीच पानं
एडिकांग इकाँगमध्ये घातली,
मुलीला दोनदा वाढलं.
काय निघालं मातीत? तिनं विचारलं.
मी गारीचा गोळा वळत राहिलो.
अजून मोजतायत, म्हणालो.
खोटं नव्हतं. शिशाचा अहवाल यायचा होता.

रविवारी पाचशेव्या खुंटीपाशी गेलो,
दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन.
डबाभर माती आणली,
वाफ्याच्या कोपऱ्यात ओतली, वर झावळी टाकली.
पन्नासाव्या खुंटीवर
अॅतिमनं उगूचा वेल चढवलाय,
लाल आकडा पानांआड गेलाय.

डबाभरानं काय होणार?
ती कमरेवर हात ठेवून उभी होती.
मॅडमना मी हे विचारलेलं नाही.
हात धुवायच्या आधी
मी बोटं नाकाशी नेली,
मग तिच्या नाकाशी.